सवलतीचे तिकीट आणि ‘आम्ही’

प्रवासवर्णनाची समीक्षा करताना निवेदकाची दृष्टी, स्थळाचे चित्रण, भाषेची प्रत्ययकारिता यांचा विचार आपल्याकडे पुष्कळ झालेला आहे. त्या प्रवासाचे भाडे कोणी कमी केले व त्याच्या मोबदल्यात काय मागितले, हा प्रश्न मात्र साहित्यबाह्य म्हणून सोडून दिला जातो. काही संहितांच्या बाबतीत हाच प्रश्न निवेदनाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. अशा एका संहितेतील एका छोट्या प्रसंगाच्या आधारे तो येथे मांडावयाचा आहे.

प्रसंग 1933 च्या उन्हाळ्यातील आहे. सिमोन द बोव्हुआर तेव्हा पंचवीस वर्षांची होती व रूआँ येथे शिकवीत होती; अठ्ठावीस वर्षांचा ज्याँ-पॉल सार्त्र ल हाव्र येथे शिक्षक होता. विवाह न करता परस्परांशी बांधील राहण्याचा करार त्यांनी 1929 मध्ये केला होता, आणि सुट्टीतील प्रवास हा त्यांच्या सहजीवनाचा एक नेमच झाला होता. त्या उन्हाळ्यात ती दोघे प्रथमच इटलीत गेली. ‘ला फोर्स द लाज’ या 1960 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडात बोव्हुआर या प्रवासाविषयी लिहिते. मुसोलिनीच्या राजवटीने एक फासिस्ट प्रदर्शन भरविले होते. परदेशी प्रवाशांनी ते पाहावे म्हणून इटालियन रेल्वे भाड्यात 70 टक्के सूट देत होती. या सवलतीचा लाभ आम्ही घेतला आणि त्याबद्दल मनाला काही टोचणी लागली नाही, अशा आशयाची नोंद ती करते. फासिस्ट ‘हुतात्म्यां’ची पिस्तुले आणि दंडुके मांडलेल्या कपाटांवरून त्यांनी नजर फिरवली. मग निवेदन शहरांकडे, चित्रांकडे, चौकांकडे वळते.

ते प्रदर्शन कोणते होते, हे येथे सांगावयास हवे. रोमवरील मोर्च्याला दहा वर्षे झाली म्हणून 28 ऑक्टोबर 1932 रोजी रोममधील व्हिया नात्सिओनालेवरील प्रदर्शन-प्रासादात ते सुरू झाले व दोन वर्षे चालले. त्या काळातील नामवंत वास्तुरचनाकारांनी व चित्रकारांनी त्याची दालने सजविली होती. प्रेक्षकांची संख्या सुमारे 40 लाखांच्या घरात गेली. सवलतीचे तिकीट परतीच्या प्रवासासाठी ग्राह्य ठरावे म्हणून त्यावर प्रदर्शनस्थळी शिक्का मारून घ्यावा लागे. भाविकाला कळसाला हात जोडल्यावाचून यात्रा पुरी झाल्यासारखी वाटत नाही. येथे मात्र भक्तीची अट नव्हती, केवळ हजेरीची होती.

यात नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह ते काय? पहिले उत्तर पैशाच्या भाषेत देता येईल. पण ते टिकत नाही. या दोघांनी पूर्ण भाडे भरले असते तर त्याच राजवटीच्या रेल्वेला अधिक पैसे मिळाले असते. सवलत घेऊन त्यांनी मुसोलिनीच्या तिजोरीचे थोडे नुकसानच केले, असा युक्तिवाद कोणी केला तर हिशेबापुरता तो खोडता येत नाही. म्हणजे दोष असेल तर तो पैशाच्या देवघेवीत नाही.

दुसरा बचाव अज्ञानाचा. तोही फारसा उपयोगी नाही. समाजवादी नेता माते​ओत्ती याची हत्या 1924 सालची होती. आंतोनिओ ग्राम्शी 1926 पासून बंदिवासात होता आणि 1933 च्या त्याच उन्हाळ्यात दक्षिणेकडील तूरीच्या तुरुंगात आपल्या वह्या लिहीत होता. लिपारी बेटावरून निसटलेला कार्लो रोस्सेल्ली 1929 पासून पॅरिसमध्येच निर्वासित म्हणून राहून विरोधकांची संघटना उभारीत होता. ज्यांना जाणून घ्यावयाचे होते त्यांच्यासाठी माहिती हाताशी होती. आपण त्या वर्षांत राजकारणापासून अलिप्त होतो, हे बोव्हुआरही लपवीत नाही.

मग प्रश्न उरतो तो शिक्क्याचा. फासिस्ट राजवटीने 1931 साली विद्यापीठीय प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी ती नाकारणारे जेमतेम डझनभर निघाले. शपथेत माणसाचा शब्द मागितला जातो. म्हणून ती घेणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे निदान कळते, आणि नाकारणाऱ्याला नकाराची जागा सापडते. शिक्का शब्द मागत नाही. मनात काय आहे ते मनातच ठेवा, फक्त या दालनातून चालत जा, एवढेच तो म्हणतो. जी सत्ता काहींकडून श्रद्धा आणि इतरांकडून केवळ उपस्थिती मागते, तिला माणसांच्या दुबळेपणाची अधिक सूक्ष्म जाण असते. चाळीस लाखांच्या त्या आकड्यात किती जण मनात हसत होते याची नोंद झालेली नाही, होणेही शक्य नव्हते. उपहास मोजला जात नाही. डोकी मोजली जातात.

या ठिकाणी सार्त्रच्याच एका प्रसिद्ध विवेचनाची आठवण होते. 1943 च्या ‘अस्तित्व आणि नास्तित्व’ या ग्रंथात आत्मवंचनेची चर्चा करताना तो एका तरुणीचे उदाहरण देतो. सोबतचा पुरुष तिचा हात हाती घेतो. ती हात काढून घेत नाही आणि देतही नाही. ती उदात्त विषयांवर बोलत राहते, आणि हात जणू आपला नसलेली एखादी वस्तू असावी तसा तेथे पडून राहतो. या विश्लेषणावर, त्यातील पुरुषी दृष्टीवर, नंतर रास्त टीका झाली आहे. परंतु ते 1933 च्या प्रवासाला लावून पाहावे. पाय दालनात आहेत, तिकीट शिक्क्याखाली आहे, आणि मन मात्र सिएनाच्या चौकात आहे. देहाने जे केले ते ‘मी’ केलेच नाही, ही तीच आत्मवंचना नव्हे काय? स्वातंत्र्य केवळ आंतरिक असू शकत नाही, ते कृतीतच असते, हा सार्त्रचा पुढील आग्रह या तिकिटाच्या बाजूने साक्ष देत नाही.

आता मुद्दा येतो तो ‘आम्ही’चा. हा प्रवास एकट्याने झाला असता तर? एकटा माणूस त्या कपाटांपुढे उभा राहिला असता, तर दंडुक्यांकडे पाहून त्याला स्वतःशीच काही बोलावे लागले असते. दोघांच्या बाबतीत ही गरज उरत नाही. एकाने भुवई उंचावली, दुसऱ्याने स्मित केले, की निर्दोषत्वाचा पुरावा तयार होतो. सहचर हा आपल्या अंतःकरणाचा साक्षीदार असतो, आणि हा साक्षीदार प्रेमळ असल्यामुळे तो उलटतपासणी करीत नाही. जे नाते माणसाला जगापुढे धीट करते, तेच त्याला स्वतःपुढे फार लवकर निर्दोष ठरवू शकते. सहजीवनाचे हे वैगुण्य नीतिविचारात क्वचितच लक्षात घेतले जाते. कारण आपण सदसद्विवेक एकेका व्यक्तीचा मानतो, आणि दोघांनी मिळून तो कसा निजवला जातो याकडे पाहत नाही.

त्याच प्रवासातील आणखी एक प्रसंग बोव्हुआर सांगते. रोममध्ये एक रात्र जागून काढायची असे दोघांनी ठरविले. मध्यरात्री ओस पडलेल्या चौकात ती बसली असता काळ्या डगल्यांतील दोघे जण आले आणि त्यांनी त्यांना घरी जाण्यास बजावले. आपण प्रेक्षक आहोत अशा समजुतीने फिरणारे हे युगुल येथे प्रथमच दृश्य बनते. प्रदर्शनात ज्यांची पिस्तुले काचेआड होती, त्यांचे वारस रस्त्यावर उभे आहेत. सवलत देणारा हात आणि घरी पिटाळणारा हात एकाच देहाचे आहेत, हे वाचकाला दिसते. निवेदन मात्र ते दोन प्रसंग जोडीत नाही.

तरीही बोव्हुआरवर फिर्याद करणे हा या लेखाचा हेतू नाही. ही नोंद ती सहज गाळू शकली असती. सत्तावीस वर्षांनी तिने ती ठेवली, आणि पश्चात्तापाचा अलंकार न चढविता ठेवली. ज्या वर्षी हे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच 1960 साली अल्जीरियातील युद्धाला विरोध करणाऱ्या 121 जणांच्या जाहीरनाम्यावर दोघांनीही स्वाक्षरी केली. शिक्का घेणारी माणसे स्वाक्षरी करणारी झाली. मात्र पहिले न सांगता दुसरे सांगितले असते तर तिचे आत्मचरित्र खोटे ठरले असते.

मलाही एक तिकीट आठवते. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राला मी पत्नीसह गेलो होतो. उद्घाटकांची मते मला सर्वस्वी अमान्य होती. परंतु प्रवासखर्च मिळण्यासाठी उपस्थितीचे प्रमाणपत्र आवश्यक होते. आम्ही मागच्या रांगेत बसलो, भाषणावर हळू आवाजात शेरे मारले, दुपारी प्रमाणपत्र घेतले आणि उरलेले दोन दिवस जवळची लेणी पाहिली. लेणी सुंदर होती. पुढे त्या चर्चासत्राच्या अहवालात भरघोस प्रतिसादाचा आकडा छापून आला. त्यात मी होतो. फासिझमशी याची तुलना करणे हास्यास्पद ठरेल, हे मी जाणतो. तुलना राजवटींची नाही. मागच्या रांगेतील त्या हसण्याची आहे.

फ्रेंच भाषेत बोव्हुआरला या सगळ्यासाठी एकच सर्वनाम उपलब्ध होते. मराठीत तो परिच्छेद आणू पाहणाऱ्याला निवड करावी लागते. ‘आम्ही लाभ घेतला’ असे म्हटले की वाचक बाहेर राहतो. दोन परके तत्त्वज्ञ प्रदर्शनातून चालत जातात आणि आपण त्यांचा न्याय करू लागतो. व्याकरणाच्या दृष्टीने तेच भाषांतर अचूक आहे. परंतु मराठीने आपल्याला ‘आपण’ हेही सर्वनाम दिले आहे. ते ऐकणाऱ्याला सामावून घेते, समोरच्याला आदराने संबोधते आणि ‘स्वतः’ असाही अर्थ देते. भाषांतर करताना तेथे ‘आम्ही’च लिहावे लागेल. वाचताना मात्र ‘आपण’ असे वाचण्याची मुभा आहे, आणि तसे वाचले तर त्या तिकिटावरील शिक्क्याची शाई अजून पुरती वाळलेली नाही, असे जाणवल्यावाचून राहत नाही.