पाहणी आणि पाहणे

‘पाहणे’ आणि ‘पाहणी’ हे दोन शब्द एकाच घरातले. परंतु राज्य सरकारच्या नोकरीत छत्तीस वर्षे काढून निवृत्त झाल्यावर आमच्या असे ध्यानात आले, की या दोघांत सख्य कमी आणि भाऊबंदकीच अधिक आहे. पाहणीला जीप लागते, नकाशा लागतो, फीत धरणारा माणूस लागतो आणि शेवटी सही लागते. पाहण्याला यांतले काही लागत नाही. पायांत जुनी चप्पल आणि गाठीला रिकामा वेळ असला की पुरते. सेवेत असताना आम्ही शेकडो पाहण्या केल्या. त्यांत पाहिले किती, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ मात्र निवृत्तीनंतर आली. ती कशी आली, हे सुज्ञ वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निमित्त अगदी सामान्य. रक्तातील साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालावयास सांगितले. प्रथम आम्ही बागेत जाऊ लागलो. परंतु घाण्याच्या बैलाप्रमाणे एकाच वाटेवर फेऱ्या मारणे आठ दिवसांत जिवावर आले आणि आमची पावले गल्ल्यांकडे वळली. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली आणि दरबाराबरोबर अनेक मराठी घराणी येथे येऊन वसली. आमचे घराणे त्यांपैकीच एक. जन्म येथला, शिक्षण येथले, बदल्यांचा काळ सोडला तर संसारही येथलाच. तरीही राजवाड्याच्या पिछाडीस, मल्हारगंजात, छत्रीबागेत, जुन्या इंदुरात अशा कितीतरी गल्ल्या निघाल्या, की जेथे आमचे पाऊल कधी पडलेच नव्हते.

वाहनातून रस्ता दिसतो. पायी गेले की उंबरठे दिसतात. एका वाड्याच्या भिंतीत घोडे बांधण्याची लोखंडी कडी अजून शाबूत आहे आणि तिला आता साखळीने स्कूटर बांधलेली असते. एका कडुलिंबाला एक मोडकी खुर्ची अशी जखडली आहे, की खुर्ची चोरीस जाऊ नये म्हणून बांधली की झाड, असा प्रश्न पडावा. एका खिडकीत पक्ष्यांसाठी पाण्याचे परळ ठेवलेले असते आणि त्याच खिडकीखाली मांजर टपून बसलेले असते. घरच्या माणसांना दोघांचीही काळजी दिसते. आणि सराफा तर काय वर्णावा! दिवसा जेथे सोन्याचांदीचे व्यवहार होतात, तेथेच रात्री दुकानांची दारे लागली, की ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलब्या यांची मांडामांड सुरू होते. जागा एक, तिचे दिवसाचे धनी निराळे आणि रात्रीचे निराळे. कुरबुरी होत असतात, तरी ही वहिवाट चालत आली आहे. आणि कोणत्याही नकाशात ती दाखविता येत नाही. सोनाराच्या दुकानापुढची धूळ झाडून, धुऊन तीतून सोन्याचे कण काढणाऱ्यास आपल्याकडे झारेकरी म्हणतात. आमचे चालणे हळूहळू झारेकऱ्याच्या वळणावर गेले.

परंतु झारेकऱ्यालाही दुकानदाराची परवानगी लागते. आम्ही ती कोणाची घेतली होती? परक्याच्या दाराशी रेंगाळून त्याच्या संसाराची मौज पाहणे कितपत योग्य, हा प्रश्न आमच्यापुढे एका पितळी पाटीने उभा केला.

जुन्या मराठी वस्तीतील एका वाड्याच्या दारावर डॉक्टरांच्या नावाची पाटी आहे आणि तीवर भेटीची वेळ सकाळी ९ ते १२ अशी कोरलेली आहे. आत दवाखान्याची काही खूण नाही. मात्र रोज सकाळी एक वृद्ध बाई ती पाटी चिंचेने घासून लख्ख करीत असत. महिनाभर आम्ही हे पाहिले आणि एके दिवशी न राहवून विचारले, “काकू, डॉक्टर बसतात का अजून?” त्यांनी आमच्याकडे पाहिले. “नाही. ते जाऊन सतरा वर्षं झाली,” एवढे म्हणून त्या आत गेल्या. त्यानंतर आम्ही त्या वाटेने जाऊ तेव्हा पाटी आधीच घासून झालेली असे. आमच्या येण्याच्या वेळेपासून त्यांनी आपले काम बाजूला काढून घेतले होते.

आम्हांस जी गंमत वाटली, ते त्यांचे नित्यकर्म होते. त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला, की पाहावे. परंतु ज्याचे उत्तर देणे समोरच्यास जड जाईल असा प्रश्न केवळ आपल्या कुतूहलापोटी विचारू नये. हा नियम सोयीचा होता. त्यामुळे आमचे समाधानही झाले. कमी विचारणे हाच सभ्यपणा, असे आम्ही ठरवून टाकले आणि तेथेच फसलो.

दुसऱ्या एका पेठेतील अरुंद गल्लीत एका घराचे दार जमिनीपासून तीन हात उंचावर आहे. खाली पायरी नाही, ओटा नाही. चौकटीशेजारी खुंटीला एक लाकडी शिडी टांगलेली. आम्ही त्याला ‘हवेतले दार’ असे नाव दिले. मित्रमंडळींत त्याचे वर्णन करून हशा मिळविला. बाहेरगावाहून आलेल्या दोघा-तिघा पाहुण्यांना ते मुद्दाम नेऊन दाखविलेही. अशाच एका संध्याकाळी दार उघडले. सत्तरी उलटलेल्या एका बाईंनी शिडी खाली लावली आणि भिंतीकडे तोंड करून, लहान मूल उतरते तशा, एकेक पाय चाचपीत त्या उतरू लागल्या. आम्ही हसायचे थांबलो. समोरचा पानवाला म्हणाला, “पहले यहाँ ओटला था साहब. रोड चौड़ी हुई, तब नापकर ले गए.”

रस्ता केव्हा रुंद झाला, हे त्याने सांगितले आणि आमच्या मनात काहीतरी हलले. आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. तेथे पिंपळ आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी याच पिंपळाखाली आमची जीप उभी होती. उन्हाळ्याचे दिवस होते, गाडी गल्लीत शिरत नव्हती. फीत धरणारा आत जाऊन मापे ओरडून सांगत होता आणि आम्ही गाडीत बसून ती लिहून घेत होतो. ती गल्ली आम्ही ओळखली नव्हती, याचे कारण ती आम्ही कधी पाहिलीच नव्हती. फाइल हिंदीत होती. तीतील आमचा शेरा मराठीत सांगावयाचा तर असा होता: ‘समक्ष पाहणी केली. ओटा व पायऱ्या अतिक्रमणात मोडतात. काढण्यास हरकत नाही.’ खाली सही.

येथे कोणी म्हणेल, रस्ता रुंद करणे चूक होते काय? आम्ही तसे म्हणणार नाही. आज त्या गल्लीतून रुग्णवाहिका जाऊ शकते आणि आगीचा बंबही जाऊ शकेल. मापेही बरोबर होती. मग चुकले काय? चार दिवसांनी आम्ही त्या बाईंना भेटलो. घर मूळचे माळव्यातले. त्यांची बोली माळवी. शिडीचा त्रास होत असेल, असे आम्ही म्हणताच त्या म्हणाल्या, शिडीची सवय झाली. पण संध्याकाळी आता कोणी बसायला येत नाही. उभ्याने कोण किती बोलणार? त्या ओट्यावर शेजारच्या चार-पाच जणी रोज बसत, भाजी निवडीत. आमच्या तक्त्यात ओट्याच्या लांबीचा रकाना होता, रुंदीचा होता. त्यावर कोण बसते, हा रकाना नव्हता. गल्लीत पन्नास पावले चाललो असतो, तर रकान्याची गरजही पडली नसती. आणि ओटा जाणारच असता, तरी भिंतीलगत दोन अरुंद पायऱ्या आणि एक दगडी बाक राहू द्यावे, एवढी ओळ शेऱ्यात लिहिणे आमच्या अधिकारात होते.

असे पाहणे राजकारभारात शक्य नाही, ही सबब आम्हांस याच शहरात सांगता येत नाही. पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्राचे स्कॉटिश अभ्यासक १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि अनेक शहरांच्या रचनेविषयी त्यांनी अहवाल लिहिले. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत ते इंदूरला आले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. हा गृहस्थ नकाशा घेऊन गल्लोगल्ली पायी फिरे. त्यांनीच पुढे सांगितलेली हकीकत अशी, की लोक त्यांना पाहून दूर सरत आणि ‘प्लेग आणणारा म्हातारा साहेब’ म्हणून बोट दाखवीत. साहेब पाहून गेला, की मागाहून घरे पाडणारे येतात, हा प्लेगच्या दिवसांतला अनुभव लोक विसरले नव्हते. तेव्हा गेडिस यांनी एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न जाता, जो भाग सर्वांत स्वच्छ आणि नीटनेटका होईल तेथून जाईल. लोकांनी घरे-रस्ते झाडून काढले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती आणि स्वच्छ पांढऱ्या वेषातील झाडूवाल्यांना मानाने चालविले होते. २०१७ पासून स्वच्छतेसाठी देशभर ज्या इंदूरचे नाव घेतले जाते, त्या शहराने शंभर वर्षांपूर्वीची ही मिरवणूक आठवावी.

परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी. वस्ती चिरून सरळ रस्ता काढण्यास गेडिस यांचा विरोध असे. एखादे पडके घर काढावे, एखादी भिंत मागे घ्यावी, नांदती घरे शक्य तो राखावी, अशी त्यांची सांभाळून करावयाच्या शस्त्रक्रियेची रीत होती आणि ती कमी खर्चाचीही होती. अशी रीत गाडीत बसून साधत नाही. कोणते घर पडके आणि कोणते नांदते, हे चालल्यावाचून कळत नाही.

आमच्या मराठी समाजासंबंधीही येथे दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. आपण जुन्या वस्तीत हिंडतो ते बहुधा आपलाच वाडा, आपल्याच आडनावाची पाटी, आपल्याच गणपतीचे देऊळ शोधीत. तोही एक छापील तक्ताच असतो. त्यात बसेल तेवढे दिसते आणि मन भरून येते. शेजारचे माळवी घर, बोहऱ्याचे दुकान, कोष्ट्याची खोली यांना त्यात रकाना नसतो. दोनशे वर्षे ज्यांच्या शेजारी राहिलो, त्यांचे ओटे आपण कितीसे पाहिले?

आपल्या तत्त्वज्ञानात ‘साक्षी’ या शब्दाला मोठा मान आहे. सांख्यांचा पुरुष पाहतो, करीत काही नाही; वेदान्तातील साक्षीही अलिप्त असतो. निवृत्तीनंतर अशा साक्षीभावाने हिंडावे, ही कल्पना आम्हांस फार गोड वाटली होती. परंतु व्यवहारात आणखी एक साक्षीदार असतो, तो न्यायालयातला. त्याने पाहिलेले असते म्हणूनच त्याला पिंजऱ्यात उभे राहून बोलावे लागते; आणि न पाहिलेल्याची साक्ष तो देईल तर तो गुन्हा ठरतो. ‘समक्ष पाहणी केली’ या शब्दांखाली आम्ही सही केली, तेव्हा मापे खरी होती आणि साक्ष खोटी होती. आता तोच माणूस गल्लीतून अलिप्तपणे हिंडेल आणि हवेतल्या दाराची मौज सांगेल, तर ती अलिप्तता कसली? पाहिल्यावर प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते असे नाही. डॉक्टरांच्या पाटीपुढे गप्प राहणे हेच कर्तव्य होते. परंतु जेथे आपला हात लागलेला आहे, तेथे गप्प राहणे म्हणजे दुसऱ्यांदा गाडीत बसून राहणे होय.

म्हणून आम्ही पुन्हा त्या बाईंकडे गेलो. या वेळी शिडी चढून वर गेलो आणि त्या कागदावर आमची सही होती, हे सांगितले. त्या काही वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग त्या दिवशी घरी का नाही आलात? चहा झाला असता.” याला उत्तर नव्हते. चहा मात्र त्यांनी केला.

भिंतीलगत दोन पायऱ्या आणि बाक यांसाठी आम्ही सामान्य नागरिक म्हणून अर्ज केला. तीन महिन्यांनी उत्तर आले: स्थळाची पाहणी करण्यात आली, कोणतीही अडचण आढळून आली नाही. पानवाल्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, एक गाडी आली होती खरी. पिंपळाखाली थोडा वेळ थांबली आणि गेली. आम्हांस राग आला नाही. त्या गाडीत बसलेल्या माणसास आम्ही चांगले ओळखतो. आम्ही दुसरा अर्ज केला आहे. पायऱ्यांची मागणी त्यात आहेच. परंतु तिच्या आधी एवढेच लिहिले आहे, की पाहणीस येणाऱ्याने कृपा करून गाडीतून उतरावे.