मुक्कामाला आलेला दाता (गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२)



आजच्या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. देणं हे कर्तव्यच आहे असं समजून, परतफेड न करणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेलं ते राजस. भलत्या जागी, भलत्या वेळी, घेणाऱ्याचा मान न राखता दिलेलं ते तामस.

वाचायला सोपं आहे. पण एखादं खरं उदाहरण या चाळणीतून घालायला गेलं की अडतं. मी सध्या अमेरिकेत कॅन्ससमध्ये नोकरीला आहे, म्हणून इथलंच एक घेतो.

उन्हाळ्यात इथे तरुण मुलामुलींचे गट सायकलवर अख्खा देश ओलांडतात. अटलांटिकच्या पाण्यात मागचं चाक बुडवून निघायचं आणि पॅसिफिकच्या पाण्यात पुढचं चाक बुडवून थांबायचं. काही संस्थांच्या सफरींत त्याला आणखी एक जोड असते. निघण्याआधी प्रत्येकाने गरजूंच्या घरांसाठी देणगी जमवायची, आणि वाटेत ठिकठिकाणी एखादा दिवस सायकल बाजूला ठेवून बांधकामावर राबायचं. ही घरं बऱ्याचदा ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ची असतात. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दाम्पत्याने १९७६ मध्ये जॉर्जिया राज्यात ही संस्था सुरू केली. तिथे घर फुकट मिळत नाही. कुटुंबाने स्वतः बांधकामावर घाम गाळायचा आणि परवडेल असा कर्जाचा हप्ता भरायचा, अशी पद्धत आहे.

असाच एक गट आमच्या जवळच्या छोट्या गावात दोन रात्री मुक्कामाला आला होता. माझा एक सहकारी म्हणाला, “या मुलांनी आयुष्यात हातोडा धरलेला नाही. सुतार तेच काम अर्ध्या वेळात करेल. पैसे पाठवा ना सरळ!”

प्रश्न बिनतोड आहे. इंजिनिअर माणसाला तर पटकन पटतो. आणि श्लोकसुद्धा त्याच्याच बाजूने बोलतोय असं वाटतं. देश, काळ, पात्र बघून द्या म्हणजे विचार करून द्या, असंच ना? शिवाय फोटो, अनुभव, नोकरीच्या अर्जात लिहायला एक ओळ, हे सगळं फळच की! मग हे दान राजस म्हणायचं का?

हाच प्रश्न आपल्याकडेही विचारता येतो. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ याच संस्थेने १०० घरांचं काम काढलं, तेव्हा ८२ वर्षांचे जिमी कार्टर देशोदेशीच्या स्वयंसेवकांबरोबर तिथे राबायला आले होते. मावळात गवंड्यांची काय कमी आहे?

उत्तर शोधायला म्हणून नाही, पण स्वयंपाकाला हात हवेत असं कळल्यावर मी त्या मुक्कामाला गेलो. चर्चच्या हॉलमध्ये फरशीवर पथाऱ्या पसरलेल्या, ओले कपडे खिडक्यांवर वाळत घातलेले. दिवसभर आडव्या वाऱ्यात सायकल मारून आलेली पोरं. मी मोठं पातेलं भरून राजमा-भात केला होता. गावातल्या बायांनीही घरून काही ना काही आणलं होतं. एक मुलगा चौथ्यांदा ताट घेऊन आला तेव्हा जरा लाजला. पण आला.

दुसऱ्या दिवशी भिंतीला बाहेरून फळ्या ठोकायच्या होत्या. देखरेखीला एक निवृत्त काका होते. वाकडे गेलेले खिळे ते शांतपणे उपसून पुन्हा ठोकून घेत होते. म्हणजे कामाच्या वेगाबद्दल माझा सहकारी बरोबरच होता. ज्यांचं घर होतं त्या ताईही तिथेच फळ्या कापत होत्या. मी त्यांना विचारलं, “यांचा खरंच उपयोग होतो का?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “फळ्या काय, महिन्याभराने लागल्याच असत्या. पण ही जागा आम्हाला मिळणार असं ठरलं तेव्हा या गल्लीतल्या लोकांनी विरोध केला होता. असली घरं आमच्या शेजारी नकोत म्हणाले. आज त्यातल्याच दोघी पोरांना जेवण घेऊन इथे आल्या. माझ्या अंगणात पहिल्यांदा.”

मंडळी, त्या शेजारणींना इथवर कोणी आणलं? देणगीच्या चेकने नाही, आणि सरळ ठोकलेल्या खिळ्याने तर नाहीच. त्यांना आणलं पोरांच्या भुकेने. पोरं द्यायला आली होती, पण त्यांनाच जेवण हवं होतं, झोपायला जागा हवी होती. ती गरज घेऊन ती गावात आली म्हणून बंद दारं उघडली.

माझं माहेरपण फलटणचं, म्हणजे माउलींच्या पालखीची वाट. वारीच्या दिवसांत बांधावरून भांडलेली दोन घरं एकाच दिंडीला पिठलं-भाकरी वाढताना मी लहानपणी पाहिलेली आहेत. वारकरी गावाला काय देतो? हिशेबाने काहीच नाही. तो फक्त मुक्कामाला येतो आणि वाढलेलं आनंदाने खातो.

आता ‘परतफेड न करणाऱ्याला’ हे शब्द पुन्हा वाचून बघा. ताई त्या मुलांचे श्रम फेडू शकणार नाहीत, कारण सकाळी ती पुढच्या गावाला निघाली. पोरं त्या शेजारणींचं जेवण फेडू शकणार नाहीत. कोणाचाच हिशेब पुरा होत नाही, आणि म्हणूनच तिथे कोणी वरचा आणि कोणी खालचा उरत नाही. मान न राखता दिलेलं दान तामस, असं भगवंत का म्हणतात ते मला इथे उमगलं. जो कधी कोणाकडून काही घेतच नाही, त्याला घेणाऱ्याचा मान राखणं फार जड जातं.

याचा अर्थ असा नव्हे की अशी प्रत्येक सफर सात्त्विकच. जिथे पाहुण्यांच्या हौसेपायी स्थानिक मजुराची रोजी बुडते, किंवा छपराचं आणि विजेचं काम अडाणी हातांत दिलं जातं, तिथे देश-काळ-पात्राची चाळणी कडकच लावावी. आणि चेकही जरूर पाठवावा, त्यानेच तर लाकूड येतं. पण फक्त चेक पाठवणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: मी लांबून देतो ते सोयीचं म्हणून, की कोणाचं काही घ्यावं लागू नये म्हणून?

आजचा अभ्यास छोटासाच. आज ज्याला काही द्याल, त्याच्याकडून काहीतरी घ्या. घोटभर पाणी, एखादा सल्ला, त्याने पुढे केलेला अर्धा कप चहा. “नको, राहू दे” असं तोंडावर येईल. ते गिळा आणि कप हातात घ्या.

जय हरी.