आधी बाई, मग इमारत

शाळा काढायची म्हटलं की आधी जागेचा विषय निघतो. मग पत्रे, बाक, रंगरंगोटी, देणगीदाराच्या नावाची पाटी. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडे मुलांसाठी काही करू पाहणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. आधी पाड्यावरची, मुलांची बोली बोलणारी एक बाई, म्हणजे शिकवणारी ताई, शोधा. बाकीचं मागाहून होतं.

कसारा लाइनवरचं आटगाव घ्या. जवळच तानसाचं जंगल, जवळच मुंबई-नाशिक महामार्ग आणि त्याच्या आधारानं उभे राहिलेले कारखाने. आसपासच्या पाड्यांवर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. कामाच्या शोधात उत्तरेकडून आलेली कुटुंबंही आहेत. पहिलीच्या वर्गात कातकरी, ठाकरी, गावची मराठी, हिंदी अशा सगळ्या भाषा येऊन बसतात. वर्ग बहुभाषिक आहेच. एकभाषिक आहे ते पुस्तक. 2025 साली पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्रात रान पेटलं आणि जूनअखेर शासनानं निर्णय मागे घेतले. बरंच झालं. पण त्या गदारोळात कातकरी पोराला पहिल्या दिवशी वर्गात काय कळतं, हे फारसं कुणी विचारलं नाही, याची खंत वाटते.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात 1945 साली बालशिक्षणाचं काम करायला ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. शिंपले, बिया, पानं, खडे हेच शैक्षणिक साहित्य. मूल जिथं आहे तिथं शाळेनं जायचं, ही त्यांची रीत होती.

भाषेच्या बाबतीतही तेच करायचं आहे. भाताच्या आवणीच्या दिवसांत खेकडे धरून आलेल्या मुलाला विचारा. बीळ कुठं होतं, हात कसा घातला, नांगी कशी चुकवली, हे घरच्या बोलीत ते भरभरून सांगेल. पाड्यावरच्या ताईला सगळं समजतं. तिनं त्यातलं एक वाक्य, मूल बोललं तसंच, फळ्यावर देवनागरीत लिहावं. सगळ्यांनी बोट फिरवत वाचावं. खाली तेच मराठीत, त्याखाली हिंदी बोलणाऱ्या मुलीनं सांगितलेली ओळ. आपण बोललो ते फळ्यावर उतरतं, हे ज्याला एकदा दिसलं त्याची अक्षरांची भीती जाते. ही वाक्यं पाठकोऱ्या कागदांवर उतरवून शिवून ठेवली की वर्गाचं पहिलं वाचनपुस्तक तयार. खर्च खडूचा आणि सुईदोऱ्याचा. यानं मराठी मागे पडेल ही भीती अनाठायी आहे. मराठी मुलाला समजू लागते ती अशीच.

कायदाही आडवा येत नाही. शिक्षणाचं माध्यम शक्यतोवर मातृभाषा असावं, असं शिक्षणहक्क कायद्याचं कलम 29 सांगतं. मात्र कलम 18 प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. म्हणून नवी खासगी शाळा उभारण्यात वर्षं घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची बालवाडी एखाद्या ओट्यावर सुरू करावी. मुलं पहिलीत गेली की मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीनं तीच ताई जिल्हा परिषदेच्या वर्गात शिक्षकांच्या जोडीला बसावी. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक आणि इयत्ता मात्र चार-पाच. त्यांना ही सोबत हवीच असते.

आणखी एक अडचण आहे, आणि ती सगळ्यात मोठी. दिवाळी झाली की कितीतरी कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलांचं निम्मं वर्ष भट्टीवर जातं. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेनं भट्ट्यांवरच मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या; तेव्हा हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. इमारत भट्टीवर नेता येत नाही. शिवलेली पुस्तकं आणि ताई जाऊ शकतात.

या दिवाळीत कुणाला पाड्यावरच्या शाळेसाठी पैसे द्यावेसे वाटले, तर वर्गखोलीसाठी देऊ नका. एका ताईचं दोन वर्षांचं मानधन द्या, दर महिन्याला वेळेवर द्या, आणि पाटीवर नाव नको असं आधीच सांगून टाका.