चालू स्थितीतले जुने घड्याळ

जुन्या मनगटी घड्याळांच्या व्यापारात मालाची स्थिती सांगणारे शब्द जवळपास ठरलेले आहेत. ‘चालू स्थितीत’, ‘वयाच्या मानाने उत्तम’, ‘ओरिजिनल’, ‘सर्व्हिस केलेले’. यांतला एकही शब्द सहसा उघड खोटा नसतो. तरीही त्यांवर भरवसा ठेवून पैसे मोजणारा माणूस फसतो. ते कसे घडते हे कळायला आधी घड्याळ उघडावे लागते.

यवतमाळ जिल्ह्यात घरातले जुने घड्याळ म्हणजे बहुधा एचएमटी. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळुरूला मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले आणि पहिली घड्याळे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावे पुढे पुसद, दारव्हा, वणीच्या घरांतही पोचली. नोकरी लागली की घड्याळ, लग्नात नवरदेवाला घड्याळ. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. ज्या घड्याळाला घरात कोणी विचारत नव्हते, त्याला त्यानंतर गिऱ्हाईक मिळू लागले.

‘जनता’ हे चावी देऊन चालणारे, सतरा ज्वेलचे घड्याळ. अशा घड्याळाच्या मशीनला काही वर्षांनी उघडून, धुऊन, नवे तेल द्यावे लागते. जुने तेल वाळते, चिकट होते, त्यात धूळ बसते. घड्याळ तरीही चालत राहते, पण कोरड्या छिद्रांत फिरणाऱ्या आसांची टोके झिजत जातात. म्हणजे ‘चालू’ असणे हीच काही वेळा त्याच्या नाशाची अवस्था असते. दिवसाला ते किती सेकंद पुढे-मागे जाते, पूर्ण चावी दिल्यावर किती तास टिकते, बॅलन्सचे चाक किती अंशांतून झोके घेते, हे प्रश्न त्या एका शब्दाने झाकले जातात. वेळ तपासणारे छोटे यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकून यातले बरेच काही मिनिटभरात दाखवते. घड्याळ आडवे ठेवल्यावर झोका साधारण 270 अंशांच्या पुढे असेल तर मशीन निरोगी धरतात, 200 च्या खाली गेला तर ते दुरुस्तीला आलेले असते. असे यंत्र बाळगणाऱ्या व्यापाऱ्याने आकडा न सांगता ‘चालू’ एवढेच लिहिले, तर आकडा त्याने मुद्दाम गाळलेला असतो.

‘ओरिजिनल’ या शब्दाची गत याहून वाईट. घड्याळाला मशीन असते, तबकडी असते, काटे, केस, काच, चावीचा खुंट, पट्टा असतो. यांतले नेमके काय मूळचे आहे? मुंबईच्या छोट्या कारखान्यांत डागाळलेल्या तबकड्या घासून नव्या रंगांत छापल्या जातात. एचएमटीने कधीही न काढलेल्या रंगांत तिचेच नाव असलेली घड्याळे त्यामुळे बाजारात दिसतात. तीन-चार मोडक्या घड्याळांचे भाग जुळवून एक चालते घड्याळही उभे केले जाते. यात कारागिराचा दोष नाही. तबकडी नव्याने छापणे हे कसबाचे काम आहे, आणि रोज हातात बांधायला असे घड्याळ कोणाला हवेही असेल. दोष सुरू होतो तो ‘पुन्हा छापलेली’ हे दोन शब्द वर्णनातून वगळले जातात तेथे. ‘न वापरलेले, जुन्या साठ्यातले’ या वर्णनाबाबतही तेच. कारखाना बंद झाल्यावर दुकानांत काही कोरा माल उरला होता हे खरे, पण त्या खऱ्या गोष्टीच्या आडोशाने उजळलेला मालही खपतो.

मोघमपणा अज्ञानातून येतो असे अनेकदा सांगितले जाते, आणि काही वेळा ते खरे असते. पण या व्यापारात एक खूण हमखास दिसते. हाच व्यापारी जेव्हा एखाद्या घरातून वडिलांचे घड्याळ विकत घेतो, तेव्हा त्याची भाषा अतिशय नेमकी असते. तबकडीवर पाणी गेले आहे, मुलामा उडाला आहे, खुंट बदललेला आहे, मशीन धुवावी लागेल, म्हणून इतकेच मिळतील. घेताना ज्याला सात दोष दिसतात, त्याला विकताना ‘वयाच्या मानाने उत्तम’ यापलीकडे काही सुचत नाही. घेताना मोजून दाखवलेले दोष विकताना न सांगणे म्हणजे एकाच वस्तूवरून दोनदा अन्याय करणे आहे. एकदा ज्याच्या घरातून ती आली त्याच्यावर, आणि एकदा ज्याच्या घरात ती जाणार त्याच्यावर.

हा प्रश्न जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जुन्या वस्तूंची विक्री बाजाराच्या अध्यक्षाच्या देखरेखीखाली ठेवली आहे आणि विकणाऱ्याने मालकी शुद्ध असल्याचे दाखवावे असे म्हटले आहे. त्याच प्रकरणात हलका माल भारी म्हणून, एका ठिकाणचा दुसऱ्या ठिकाणचा म्हणून किंवा कृत्रिम झळाळी देऊन विकणाऱ्याला, माल कमी किमतीचा असला तरी, चोपन्न पणांचा दंड सांगितला आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात दोन तत्त्वज्ञांचा वाद मांडला आहे. दोष असलेले घर विकणाऱ्याने कायदा सांगतो तेवढेच दोष सांगावेत, असे डायोजिनिसचे म्हणणे. घेणाऱ्याला जे जाणून घ्यायला हवे ते सगळे सांगावे, असे अँटिपेटरचे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो. प्रत्येक मौन लपवणे नसते, हे तो मान्य करतो. पण घेणारा अंधारात राहिल्याने आपला फायदा होतो म्हणून धरलेले मौन तो लपवणेच मानतो. ‘वयाच्या मानाने उत्तम’ हे असेच बोलके मौन आहे.

यातून प्रामाणिक व्यापाऱ्याचेही नुकसान होते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ते दाखवले आणि 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. चांगला आणि वाईट माल एकाच भाषेत विकला जाऊ लागला की घेणारा सगळ्यालाच सरासरी भाव देतो. त्या भावात चांगला माल परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो.

यवतमाळच्या शेतकऱ्याला नेमक्या वर्णनाची सक्ती चांगली ठाऊक आहे. कापूस महामंडळाच्या केंद्रावर गाडी लागली की ओलावा मोजला जातो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, बारा टक्क्यांवर गेला तर माल परत. ‘हंगामाच्या मानाने कोरडा’ हे वर्णन तेथे कोणी ऐकून घेत नाही. ज्या जिल्ह्यात उत्पादकाला ही शिस्त लागते, तेथल्या ग्राहकाने व्यापाऱ्याकडे आकडा मागितला तर तो उद्धटपणा ठरू नये.

1930 च्या माल विक्री कायद्यात पारखून घेण्याची जबाबदारी मुळात ग्राहकावर आहे. मात्र वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, असेही तोच कायदा सांगतो. मोघमपणाचा खरा उपयोग येथे आहे: वर्णन जितके सैल, तितके ते न जुळल्याचे सिद्ध करणे अवघड. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र पुन्हा जुळवलेला, डागडुजी केलेला किंवा जुना माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. माल मुंबईहून मागवला असला तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते.

म्हणून घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात: मागचे झाकण उघडून मशीनचा फोटो, तबकडी मूळची की छापलेली, कोणते भाग बदलले, शेवटची सर्व्हिस कधी आणि कोणी केली, दिवसाला किती सेकंदांचा फरक, आणि न पटल्यास परतीची मुदत. केसवर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेले असले तरी रबरी कडे वाळलेले असते, तेव्हा पाण्याबाबत कोणतेही आश्वासन धरू नये. व्यापाऱ्याने घड्याळ उघडलेच नसेल, तर ‘उघडून पाहिलेले नाही’ एवढे लिहिणे पूर्ण प्रामाणिक आहे, आणि भाव त्या मानाने कमी असावा. घरातले घड्याळ विकायला काढणाऱ्यांनीही आधी गावातल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून ते उघडून घ्यावे आणि त्याने सांगितलेल्या गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही.