उत्पत्तीच्या कथा : कारस्थान की कल्पना?



धम्मदीक्षा घेतलेल्या घरात एक प्रश्न हमखास येतो. मूल विचारते, "हे जग कोणी केले?" शेजारच्या घरात उत्तर तयार असते. आपल्या घरात आईबाप गप्प बसतात, नाहीतर "ते सगळे भटांचे कारस्थान" म्हणून मोकळे होतात. एवढ्याने मुलाचे समाधान होईल काय?

दोन कथा घ्या. पहिली आपल्याच मुलखातली. त्रिपुरासुराला मारल्यावर शंकराच्या अंगाचा घाम गळला आणि भीमाशंकरी भीमा नदी उगम पावली, असे सांगतात. दुसरी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्ताची. पुरुषाचे मुख ब्राह्मण झाले, बाहू क्षत्रिय, मांड्या वैश्य, आणि पायांपासून शूद्र जन्मले. आपल्याला तर त्या देहात जागाच नव्हती!

दोन्ही कल्पितच. पण घामाच्या कथेने कोणी कोणाच्या खाली जात नाही. पायांच्या कथेने माणसाची पायरी ठरवली. ती पायरी पाणवठ्यापर्यंत पोचली, म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावे लागले.

मग ही दुसरी कथा कारस्थान होय काय? महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त ब्रह्मदेवाच्या अवयवांतून झालेल्या जन्माची झाडाझडती घेतली आणि त्यामागचे कपट उघडे केले. लाभ कोणाचा, हा त्यांचा प्रश्न आजही तितकाच खरा आहे. बाबासाहेबांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. १९१६ साली न्यूयॉर्क येथे वाचलेल्या जातीवरील निबंधात त्यांनी मांडले की, एकटा मनू किंवा एकटे ब्राह्मण साऱ्या समाजावर जात लादू शकले नसते. वरच्यांनी आपले दार लावून घेतले आणि इतरांनी त्यांचे अनुकरण केले. यात वरच्यांचा दोष माफ होत नाही. पण कारस्थानात मूठभर लोक जाणूनबुजून खोटे बोलतात. ते पकडले की काम संपते. ही कथा मात्र सांगणाऱ्यालाही खरी वाटली आणि सोसणाऱ्यालाही, म्हणून ती टिकली. नुसते कारस्थान म्हटले की आपण सुटलो! मग सोयरीक जमवताना आपल्यातच पोटजात विचारली जाते, ती कोणाच्या कारस्थानाने?

तथागतांचा मार्ग पाहा. अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातले दोघे तथागतांना सांगतात की, आमचे लोक स्वतःला ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले म्हणवतात. तथागतांनी ते खोटे ठरवले, पण कशाच्या बळावर? ब्राह्मण स्त्रियाही गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलाला अंगावर पाजतात, हे सर्वांना दिसते. मग त्यांनीही एक उत्पत्तिकथा सांगितली : लोभ वाढला, शेते वाटली गेली, चोरी आली, तेव्हा लोकांनी आपल्यातूनच एक राजा निवडला. तीही कथाच, पण तिच्यात कोणी पायांपासून जन्मत नाही.

पुरावा आपल्या दाराशी आहे. जुन्नरजवळ लेण्याद्रीचे सातवे लेणे मुळात भिक्खूंचा विहार. आज तेथे गिरिजात्मज गणपती आहे आणि पार्वतीने तेथे तप केल्याची कथा आहे. दर्शनाला येणाऱ्या भाविकाला कपटी म्हणू नका. मुलाला शेजारच्या सहाव्या लेण्यात न्या. ते चैत्यगृह कल्याणच्या सुलसदताचे दान, असा लेख तेथे कोरलेला आहे. जुन्नरच्या इतर लेखांत धान्य विकणाऱ्यांची, बांबूकाम करणाऱ्यांची, कासारांची श्रेणी आहे. यवन दातेही आहेत. कष्टकऱ्यांच्या दानाने डोंगर कोरला गेला, हे दगडच सांगतो.

म्हणून कोणतीही कथा कानी आली की दोन प्रश्न विचारा. पुरावा काय? आणि ही खरी मानली तर कोण कोणाच्या खाली जातो? आपल्या कथांनाही हीच कसोटी लावा. सिद्धार्थाने वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग केला, ही प्रचलित कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नाही, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही.

मुलाला सांगा, "बाळा, जग कोणी एका दिवशी केले असे आपण मानत नाही. ते कारणांनी घडते आणि घडतच राहते. भीमा पावसाच्या पाण्याने वाहते. आणि माणूस, कोणत्याही घरचा असो, आईच्या पोटीच जन्मतो."

जय भीम!