येहूची गाडी आणि याकोबची चाल



मागच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या देवळाच्या गल्लीत काय झाले, ते अनेकांनी पाहिले. एक गाडी बाहेर निघत होती, दुसरी आत येत होती. गल्ली अरुंद, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला वाडीचे कुंपण. कोणीतरी एकाने गाडी थोडी मागे घ्यायची, एवढेच काम होते. पण दोघांनी हॉर्नवर ठेवलेला हात काढला नाही. मागे रिक्षा अडकल्या, स्कूटर अडकल्या, धर्मशिक्षणाच्या मुलांना पायरीवर थोपवून धरावे लागले. बाहेर जाणाऱ्याने पाऊण तासापूर्वीच शेजाऱ्याचा हात हातात घेऊन त्याला शांती दिली होती. आत येणारा तीच शांती घ्यायला निघाला होता.

आम्ही पायरीवर उभे राहून हे पाहत होतो. आम्हाला राग आला. पण रागावण्याचा आमचा अधिकार किती, हे आम्ही पुढे सांगणार आहोत.

पवित्र शास्त्रात मोटारी नाहीत, पण वाहन हाकणारी माणसे आहेत. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात इज्रेल नगराच्या बुरुजावरचा पहारेकरी दूरवरून येणारी टोळी पाहतो. अजून कोणाचा चेहरा दिसत नाही. तरीही तो राजाला सांगतो की हा येहू असावा, कारण वेड लागल्यासारखा रथ हाकणारा तोच. तोंड दिसण्याआधी माणसाची ओळख त्याच्या हाकण्यावरून पटली! आपल्या गावातही असेच आहे. वळणापलीकडून आवाज आला की अंगणात बसलेली म्हातारी नातवाला आत ओढते आणि कोणाचा मुलगा आला ते न पाहताच सांगते.

दुसरा प्रसंग उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायातला. वीस वर्षांनंतर याकोब आणि एसाव भेटले आहेत. एसावाबरोबर चारशे माणसे आहेत. चल, बरोबरच जाऊ, असे तो म्हणतो. याकोब नम्रपणे नकार देतो. माझ्याबरोबर कोवळी मुले आहेत, दूध पाजणाऱ्या मेंढ्या आणि गाई आहेत. एक दिवस जरी यांना दामटले तरी सारा कळप मरेल, तेव्हा तुम्ही पुढे व्हा, मी यांच्या चालीने येतो, असे तो सांगतो. आपला वेग किती असावा हे याकोबने स्वतःच्या ताकदीवरून ठरवले नाही. बरोबरच्यांत जो सर्वांत दुबळा, त्याच्यावरून ठरवले. रस्त्यावरच्या वागण्याचा याहून चांगला नियम आम्हाला ठाऊक नाही.

बंधू-भगिनींनो, माणूस जन्मतः येहू नसतो. मग तो तसा घडतो कसा? सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटल शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली. माणूस जे वारंवार करतो, त्यातूनच त्याचा स्वभाव बनतो. न्यायाची कृत्ये करत राहिल्याने तो न्यायी होतो. उलटही तितकेच खरे आहे.

पहिली शाळा घरची. स्कूटरवर पुढे उभे राहिलेले चार वर्षांचे पोर सारे पाहत असते. बाबा सिग्नल तोडतात, फोन कानाला लावतात, पुढच्याला शिवी हासडतात. चौदा वर्षांनी त्याच्या हाती किल्ली येते, तेव्हा त्याचे शिक्षण कधीच पूर्ण झालेले असते.

दुसरी शाळा पत्र्याची. देवळात आपण एकमेकांना चेहऱ्याने ओळखतो. गाडीत बसल्यावर समोर माणूस राहत नाही, नुसती पाठीमागची नंबरप्लेट राहते. जे शब्द आपण कोणाच्या तोंडावर बोलणार नाही, ते काचेआड सहज बोलतो.

तिसरी शाळा घाईची. येथे केवळ चालवणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. पार्सल घेऊन येणारा मुलगा भरधाव येतो, कारण दाराशी आपण घड्याळ पाहत उभे असतो. रिक्षावाल्याला, "लवकर घ्या, ट्रेन चुकेल," असे सांगणारे आपणच असतो.

चौथी शाळा सर्वांत फसवी. चुकीच्या बाजूने गाडी घातली आणि काही झाले नाही. दुसऱ्या दिवशीही काही झाले नाही. शंभर दिवस असेच गेले की मनाला वाटू लागते, मी पटाईत आहे. खरे तर ते कौशल्य नव्हते. समोरच्याने शंभर वेळा ब्रेक दाबला होता.

या घाईचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहा. दहा किलोमीटरचे अंतर ताशी ४० च्या वेगाने १५ मिनिटांत कापले जाते, ५० च्या वेगाने १२ मिनिटांत. वाचली फक्त तीन मिनिटे! ताशी ६० च्या वेगात गाडी दर सेकंदाला १६ मीटरहून अधिक पळते. पोर आडवे आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढे अंतर तर ब्रेक लागण्याआधीच संपते. पुढे वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यापासून थांबण्याचे अंतर चौपट होते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतल्या दर शंभरातील सुमारे ७१ मृत्यूंचे कारण सरकारी अहवालात अतिवेग असे नोंदले आहे.

तर मग सावधपणा म्हणजे काय? भीती नव्हे. भित्राही रस्त्याच्या मधोमध रखडतो, हात न दाखवता वळतो, अचानक थांबतो. त्याचे सारे लक्ष स्वतःच्या जिवाकडे असते. ख्रिस्तसभा ज्याला विवेक म्हणते तो सद्गुण वेगळा. न्याय, धैर्य आणि संयम यांना वाट दाखवतो म्हणून आपली परंपरा विवेकाला सद्गुणांचा सारथी म्हणते. सारथी घाबरलेला नसतो. त्याच्या हाती लगाम असतो आणि नजर रस्त्यावर असते. आपल्या कॅटेकिझमच्या २२९० व्या परिच्छेदात ही शिकवण पाचव्या आज्ञेखाली येते. दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी स्वतःचा व दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध होय. आपण पापनिवेदनाला येतो, रागाची, खोटे बोलल्याची कबुली देतो. रस्त्यावरच्या वागण्याची कबुली मात्र आमच्या कानांवर फार क्वचित पडली आहे.

आता आमची स्वतःची कबुली. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक वडील नवी मोटारसायकल घेऊन मिस्सानंतर आमच्याकडे आले. हँडलला झेंडूचा हार होता. गाडी मुलासाठी होती. मुलगा सोळा वर्षांचा. आम्ही विचारले, "लायसन?" ते हसून म्हणाले, "फादर, गावातल्या गावात तर चालवणार!" आम्ही क्षणभर थांबलो. मागे माणसे उभी होती, वडील भले गृहस्थ होते, त्यांना दुखवणे जड गेले. आम्ही पवित्र पाणी शिंपडले.

तीन महिन्यांनी त्याच गाडीने सायकलवरून कामाला जाणाऱ्या एका माणसाला उडवले. तो वाचला, पण पाय मोडला. पाच महिने त्याच्या घरात मजुरी आली नाही. वडिलांनी उपचारांचा खर्च केला आणि मुलाला घेऊन ते त्याच्या घरी गेले. आम्हीही गेलो. त्या माणसाने मुलाला जवळ बसवून घेतले आणि पाणी दिले. आमच्याकडे पाहून तो एवढेच म्हणाला, "फादर, त्याला कोणी सांगितलेच नसेल." सांगण्याची वेळ आमच्यावर आली होती, आणि आम्ही गप्प बसलो होतो.

२०१९ च्या कायदेदुरुस्तीनुसार अशा अपघातात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या आधी त्या माणसाचे वाक्य आमच्या मनात येते. म्हणून येथून पुढे आशीर्वादासाठी गाडी आणली की आम्ही आधी लायसन आणि हेल्मेट पाहू. कृपया रागावू नये. आशीर्वाद हा विमा नव्हे, ती एक जबाबदारी आहे. आरशाला जपमाळ टांगून भरधाव जाणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय.

१९ जून २००७ रोजी व्हॅटिकनने रस्त्यावरील मेषपालीय सेवेविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. वाहन हे सत्ता गाजवण्याचे साधन करू नये, रस्त्यावरच्या दुबळ्याला जपावे, अपघातग्रस्तांना मदत करावी, असे त्यांत सांगितले आहे. यरीहोच्या वाटेवरचा शोमरोनी आपल्याला ठाऊकच आहे. आज आपल्याकडे जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये संरक्षण दिले, आणि २०१९ मध्ये ते कायद्यातही आले. तेव्हा पुढे निघून जाण्यासाठी ती सबब आता उरलेली नाही.

या आठवड्यात एवढेच करू या. किल्ली फिरवण्यापूर्वी क्रुसाची खूण करून आज रस्त्यात भेटणाऱ्या सर्वांत दुबळ्याची आठवण करू या. घरातून पाच मिनिटे आधी निघू या. आणि देवळाच्या गल्लीत समोरून गाडी आली, तर आपली गाडी मागे घेण्याचा मान आपणच मिळवू या.

हे प्रभो, आमच्या हातांना संयम दे, आमच्या नजरेला दया दे. आम्हाला घरी सुखरूप पोहोचव आणि आमच्यामुळे कोणाचेही घर वाट पाहत राहू नये, असे कर. आमेन.

आपले धर्मगुरू