उतारशाळेतली जागा

आमच्या घरी नाताळच्या आठवड्यात चर्चच्या मंडळीतल्या स्नेह्यांना बोलावण्याचा प्रघात 14 वर्षांचा आहे. पंचवीस तारखेची उपासना, भेटीगाठी, फराळाच्या ताटांची देवघेव हे सगळं आटोपलं की 27 किंवा 28 तारखेला संध्याकाळी आमच्या पुण्यातल्या तीन खोल्यांत वीस-बावीस माणसं जमतात. भजनं होतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात, मटणाचं जेवण होतं, आणि मध्ये खेळ. जेवणाचा बेत आम्ही आठवडाभर ठरवतो. खेळ मात्र आयत्या वेळी तरुण संघातल्या कुणावर तरी सोपवून मोकळे व्हायचो. ही मोठी चूक आहे, असं मला सहा वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळपासून वाटत आलं आहे.

त्या वर्षी मराठवाड्यातून आलेलं एक कुटुंब आमच्या मंडळीत नवीन होतं. नवऱ्याला चाकणला काम मिळालेलं, बायको कुणालाच ओळखत नव्हती. मुलांनी संगीत खुर्ची मांडली. गाणं थांबलं आणि पहिल्याच फेरीत त्या बाई बाद झाल्या, कारण शेजारच्याला ढकलून बसायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. सगळे हसले, त्याही हसल्या. खेळ पुढे रंगत गेला, आरडाओरडा वाढला. वीसेक मिनिटांनी मी स्वयंपाकघरात गेले, तर त्या बेसिनपाशी उभ्या राहून कपबश्या विसळत होत्या. ‘राहू द्या हो,’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘नुसतं उभं राहून काय करू, ताई?’

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. लूकच्या शुभवर्तमानातली जन्मकथा आम्ही दर डिसेंबरात वाचतो. पोरंही ती नाटकातून करतात, त्यात एक जण उतारशाळेचा मालक होतो आणि जागा नाही म्हणून हात हलवतो. उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून बाळ गव्हाणीत निजवलं गेलं, त्या रात्रीचा हा सण. आणि त्या सणाच्या मेजवानीत आम्ही दर फेरीला एक खुर्ची मुद्दाम काढून घेत होतो, कुणीतरी उभं राहावं यासाठीच. मुलांना यात काही दिसलं नव्हतं. मलाही तोवर दिसलं नव्हतं.

खेळाकडे एवढ्या गांभीर्याने बघावं का, असा प्रश्न कुणी विचारला तर माझं उत्तर असं की ख्रिस्ती मंडळीने इतिहासात तो फार गांभीर्याने घेतलेला आहे. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या राजवटीत, 1541 साली, एक कायदा झाला. कारागीर, शेतमजूर, घरगडी यांना पत्ते, फासे, टेनिस, चेंडूचे खेळ बंद. सूट फक्त नाताळात, तीही धन्याच्या घरी किंवा त्याच्या देखत. धनिकांना बारा महिने मोकळीक आणि राबणाऱ्यांना वर्षातून एकदाच. या अन्यायाच्या पोटात एक गोष्ट मात्र दडलेली दिसते. नाताळात नोकरही खेळायला बसला पाहिजे, एवढं त्या कठोर समाजालाही मान्य होतं.

पुढे प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीचे प्रॉटेस्टंट, आले. त्यांना ही धमाल मान्य नव्हती. 25 डिसेंबर ही तारीख पवित्र शास्त्रात कुठेच नाही, आणि त्या दिवसाच्या नावाखाली दारू, जुगार, दंगा चालतो, असं त्यांचं म्हणणं. 1647 साली इंग्लंडच्या संसदेने नाताळ साजरा करण्यावर बंदी घातली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने 1659 साली काम सोडून वा मेजवानी करून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला. तो कायदा 1681 पर्यंत टिकला. नाताळची सरकारी सुट्टी तिथे 1856 साली मिळाली.

याचा आमच्याशी जवळचा संबंध आहे. 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे प्युरिटन वारशाच्याच, मंडळ्यांनी उभ्या केलेल्या संस्थेने धाडले होते. 1831 पासून अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, याच संस्थेच्या अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. माझी आजी त्याच परंपरेत वाढली. तिच्या घरी पत्त्यांचा जोड आलेला मला आठवत नाही, आणि नाताळ म्हटलं की तिला आधी उपासना आठवायची, मग करंज्या. तिच्या या शिस्तीची मला कधी अडचण वाटली नाही. प्युरिटनांचा मूळ मुद्दाही मला खरा वाटतो: सणाच्या नावाखाली काहीही खपवू नये. ते चुकले ते पुढच्या पायरीवर. वाईट खेळाला उत्तर म्हणून त्यांनी खेळच बंद केला.

आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना तसं करायची गरज नाही, कारण भक्ती आणि खेळ एकत्र नांदवण्याची विद्या या मातीतच आहे. वारीच्या वाटेवर रिंगण झालं की वारकरी फुगड्या घालतात. साठीतला शेतकरी आणि विशीतला विद्यार्थी हातात हात गुंफतात, आणि गिरक्या थांबल्या की एकमेकांच्या पाया पडतात. संतांनी फुगडी, हमामा, हुतुतू यांवर रचना केल्या. मंगळागौरीची रात्र तर पूजेइतकीच खेळांची. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून भजन आलं, कीर्तन आलं. मला वाटतं, फुगडीही यायला हवी होती. ती पुलाच्या अलीकडेच राहिली आणि तिच्या जागी संगीत खुर्ची आली. फुगडीत कुणी बाद होत नाही. जोडीदाराचा हात घट्ट धरला नाही तर दोघंही पडतात.

एका घरी जमून काय खायचं, कुणाशेजारी बसायचं, या प्रश्नाचं ओझं आमच्या इतिहासात फार मोठं आहे. 1890 साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावून चहा दिला गेला. पाहुण्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. चहा-बिस्किटांच्या त्या पाहुणचारावरून शहर पेटलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत गेलं. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं की दुसऱ्याच्या हातचं पाणी पिणं ही गोष्ट मनाला किती वर्षं अडवून धरू शकते. आमच्या मंडळ्या ज्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून मोठ्या प्रमाणात घडल्या, तिथल्या माणसांना तर कुणाच्या ओसरीवरही जागा नव्हती. त्यांची नातवंडं-पतवंडं आज एका सतरंजीवर बसून एका पातेल्यातलं जेवतात. म्हणून त्या सतरंजीवरून कुणाला, खेळातसुद्धा, उठवताना माझा हात अडखळतो.

खुर्च्यांचा खेळ बंद केल्यावर पुढच्या वर्षी मी बायबल प्रश्नमंजूषा ठेवली. धार्मिक घरात निरुपद्रवी वाटणारा प्रकार. प्रत्यक्षात तो जास्त दुखवणारा निघाला. शब्बाथशाळेत वाढलेली पोरं यहोशवाच्या बापाचं नाव पटकन सांगत होती आणि दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेले एक काका खाली मान घालून बसले होते. संगीत खुर्चीत निदान पाय कमी पडतात. इथे विश्वासच कमी पडल्यासारखं वाटतं. त्यातून प्रश्न इंग्रजीत आले तर विचारायलाच नको. आमच्या तरुणांची शाळा इंग्रजी, त्यांचं बायबलही फोनवर इंग्रजीत, आणि आज्यांना पुस्तकांची नावं मराठीच ठाऊक. ‘ॲक्ट्स’ म्हणजे ‘प्रेषितांची कृत्ये’ हे कळेपर्यंत वेळ संपलेली असते.

हाउजीचं काय, असं अनेक जण विचारतात. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांत नाताळात हाउजी नसेल तर चुकल्यासारखं वाटतं, आणि आमच्याकडचे जुने लोक तिला जुगार म्हणून नाक मुरडतात. मी या खेळाची बाजू घेते. तिकिटावर पंधरा आकडे, पुकारले जाणारे नव्वद. शेवटचा आकडा निघेपर्यंत कुणी बाद नाही. हुशारी लागत नाही, वय लागत नाही, मंडळीत किती वर्षं आहात हे लागत नाही. नशिबाच्या खेळात नवा-जुना सारखाच. चिठ्ठ्या टाकल्याचं बायबलात दोन्हीकडे येतं. प्रेषितांनी मत्थियाला चिठ्ठ्या टाकून निवडलं, आणि शिपायांनी वधस्तंभाखाली येशूच्या कपड्यांसाठीही चिठ्ठ्याच टाकल्या. तेव्हा साधनाला दोष नाही. त्यातून काय मिळवायचं आहे ते बघावं. आमच्याकडे तिकिटाला पैसे नाहीत. बक्षीस म्हणून चहाचा डबा, किसणी, गूळ. आकडे मराठीतच पुकारायचे असा नियम आहे, आणि ‘एकोणऐंशी’ ऐकून गोंधळलेली कॉलेजची पोरं आज्यांच्या तिकिटात डोकावतात. आज्यांना हे फार आवडतं.

सगळ्यात रंगतात त्या भजनांच्या भेंड्या. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक. त्यात एकट्या रेव्हरंड टिळकांची शंभराहून अधिक पदं आहेत. आमच्यातल्या एका ऐंशीच्या मावशींना वाचता येत नाही. त्या आयुष्यभर ऐकून शिकल्या. पहिल्यांदा भेंड्या लावल्या तेव्हा त्यांच्या गटात कुणी जायला तयार नव्हतं. दोन तासांनी दुसरा गट हरला, कारण मावशींची भजनं संपेनात. एकेका पदाची त्यांना चालीसकट तीन-तीन कडवी पाठ. त्या रात्री तरुण मुलांनी त्यांच्याभोवती बसून एक जुनी चाल फोनवर उतरवून घेतली. इथे हार-जीत आहे, चुरस आहे, चिडाचिडी आहे. हरल्याशिवाय खेळात मजा नाही हे मला मान्य आहे. पण हरलेला गट गातच राहतो, त्याला उठून जावं लागत नाही. मी बोलते आहे ते एवढ्याच फरकाबद्दल.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती यजमानिणीची. कपबश्या विसळणाऱ्या त्या बाईंना मी पाहिलं, पण त्याआधीची आठ वर्षं त्या बेसिनपाशी मीच उभी होते. घरातली बाई पुऱ्या तळते आणि बाहेरचा हशा भिंतीपलीकडून ऐकते, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याला पाहुणचाराची किंमत समजतात. कामात गुंतलेली मार्था आणि येशूचं ऐकत बसलेली मरिया यांची गोष्ट आमच्या पाळकांनी अनेकदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी ती ऐकून घरी आल्यावर स्वयंपाक बायकांनीच केला. आता आमच्याकडे पुऱ्या नाहीत, पाव असतो. मटण दुपारीच शिजतं, कोशिंबीर पाळकसाहेबांच्या घरून येते, भांडी पुरुष घासतात. पहिल्या वर्षी दोन कप फुटले. मी मात्र पहिल्यांदा पूर्ण भेंड्या खेळले आणि ‘ण’ वर अडकले.

लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू एका यजमानाला सांगतो की जेवण करशील तेव्हा परतफेड करू शकणाऱ्या मित्रांना, सधन शेजाऱ्यांना बोलावू नकोस. गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव. हे वचन मला पाळता आलेलं नाही. माझ्या यादीत बहुतेक मित्रच असतात. मात्र यंदा आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याचं कुटुंब येणार आहे. ते हिंदू आहेत, त्यांच्या मुलीला चांदणी टांगायची आहे. चाकणची ती बाई आता भेंड्यांच्या एका गटाची प्रमुख असते आणि गेल्या वर्षीपासून झिम्माही तीच सुरू करते.

या वेळी पंचवीस माणसं होतील. घरात खुर्च्या अकरा आहेत, त्यांतल्या बहुतेक आदल्या रात्री गच्चीत नेऊन ठेवायच्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तीन ठेवू. समोरच्या काकूंकडून दोन मोठ्या सतरंज्या आणल्या आहेत, त्या उन्हात टाकायच्या राहिल्या आहेत.